शेजारची खुर्ची

ऑपरेटरबाईंना समुद्राचं काडीचंही कौतुक नव्हतं. पाणी बघायला एवढ्या लांब कशाला जायचं, असं त्या लेकीला तोंडावर म्हणाल्या होत्या. लेकीने आईबाबांसाठी क्रूझची दोन तिकिटं काढली होती खरी, पण आई हो म्हणेल अशी तिला फारशी आशा नव्हती. शेवटचा उपाय म्हणून तिने बोटीच्या माहितीपत्रकातलं एक पान आईपुढे धरलं. बोटीवर चक्क थिएटर होतं. लाल खुर्च्या, जाड पडदा, आणि रोज संध्याकाळी काही ना काही करमणूक. कधी गाणी, कधी जादू, आणि तीन संध्याकाळी एका नाटकमंडळीचं विनोदी नाटक. बाईंनी चष्मा लावून ते पान वाचलं, पुन्हा वाचलं आणि विचारलं, "ही बोट मध्ये कुठे थांबते का गं?"

"फारशी नाही. बहुतेक दिवस समुद्रातच."

"मग चालेल. चारी बाजूंनी पाणी. बघते आता हे कुठे पळतात ते."

हे म्हणजे मास्तर, बाईंचे यजमान. मास्तरांनी उभ्या जन्मात एक दिवसही शाळेत शिकवलेलं नव्हतं. नाव नाटकवाल्यांनी पाडलेलं. ते प्रॉम्प्टर होते. रंगमंचाच्या कडेला विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर नाटकाची संहिता ठेवायची, आणि बोलता बोलता एखादा नट अडला की त्याला पुढचा शब्द हळूच पुरवायचा, एवढंच त्यांचं काम. प्रेक्षकांना त्यांचा पत्ता लागायचा नाही, आणि लागला तर ते काम फसलं असं समजायचं. असं न दिसण्याचं काम त्यांनी आयुष्यभर मोठ्या हौसेने केलं.

बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या, म्हणून सगळी आळी त्यांना ऑपरेटरबाई म्हणायची. कानाला फोन अडकवलेला, समोरच्या फळीवर भोकंच भोकं, एकातली दोरी काढायची आणि दुसऱ्यात खुपसायची. तिथला पहिला नियम असा, की दोघांना जोडून द्यायचं आणि आपण बाजूला व्हायचं. दुसऱ्यांच्या बोलण्यात तोंड घालायचं नाही, मग पलीकडे दोघं रडोत, भांडोत नाहीतर गप्प बसोत. हा नियम बाईंच्या इतका अंगवळणी पडला होता, की घरात जावा-जावा भांडल्या तरी त्या मध्ये पडायच्या नाहीत. नातेवाईक त्यांना शिष्ट म्हणायचे. म्हणेनात का.

बाईंची पाळी सकाळची आणि मास्तरांची नाटकं संध्याकाळची. बाई घरी यायच्या तेव्हा मास्तर चपला घालत असायचे. सारा संसार असा उंबऱ्यावरच झाला. यांनी त्यांच्या हातात डबा द्यायचा, त्यांनी यांच्या हातात किल्ली. शेजारणी म्हणायच्या, या घरात नवरा-बायकोचं कधी भांडण ऐकू येत नाही. येणार कुठून? भांडायलासुद्धा दोघं एका ठिकाणी असावी लागतात.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मास्तरांनी बायकोला हौसेने नाटकाला नेलं होतं. दोन पास होते, पुढच्या रांगेतले. तिला खुर्चीत बसवलं, "आलोच" म्हणाले आणि विंगेत गेले. शेजारची खुर्ची रिकामी. कोणी ना कोणी येऊन विचारायचं, इथे कोणी आहे का? नवी नवरी प्रत्येकाला सांगायची, आहे. पडदा पडल्यावर मास्तर घाम पुसत आले आणि म्हणाले, कसं झालं? ती म्हणाली, छान. पुढे ती आणखी काही वेळा गेली, मग तिने जाणंच सोडलं. रिकाम्या खुर्चीशेजारी एकटीने हसायला लाज वाटते, असं तिने एकदाच लेकीला सांगितलं होतं, आणि तेही भाजी निवडता निवडता.

पुढे मास्तरांचे गुडघे स्टुलावर बसून कुरकुरायला लागले आणि त्यांनी काम सोडलं. पण जित्याची खोड कुठे जाते? टीव्हीवरची बातम्या देणारी मुलगी श्वास घ्यायला थांबली तरी हे सोफ्यावरून पुढचा शब्द सुचवायचे. तेव्हा बोटीवर पाय ठेवताना बाईंच्या मनात बेत एकच होता. पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत एक आख्खं नाटक नवऱ्याच्या शेजारी बसून बघायचं. बाकी समुद्राचं काय करायचं ते समुद्राने करावं.

बोट मात्र बाईंना पहिल्या दिवशीच आवडली. केबिन छोटी होती, पण जिथल्या तिथे. केबिन आवरणारा मुलगा इतक्या हलक्या पावलांनी यायचा, की नुसत्या ताणून बसवलेल्या चादरीवरून तो येऊन गेल्याचं कळायचं. बाईंनी परीक्षा घेतली ती फोनची. गरम पाणी नको असताना त्यांनी फोन उचलून गरम पाणी मागितलं, फक्त पलीकडची मुलगी कशी बोलते ते ऐकायला. मुलीने घाई न करता ऐकून घेतलं, मागणी पुन्हा म्हणून दाखवली आणि बाईंनी ठेवल्यावरच फोन ठेवला. बाई खूश झाल्या. फोन आधी ठेवायचा नाही, हे शिकवायला त्यांना नव्या मुलींमागे महिनेच्या महिने ओरडावं लागायचं. तेवढ्यात पाणी आलं, तेही खरंच गरम.

जेवणाच्या टेबलावर शेजारी एक दंतवैद्य आणि त्यांची बायको होती. दंतवैद्यांना सगळ्यात कीड दिसायची. सूप कोमट, गायिकेचा सूर वर, जादूगाराची बाही सैल. त्यांच्या बायकोला सगळंच छान वाटायचं आणि ती आइस्क्रीम दोनदा घ्यायची. वाढणारा पोरगा दोघांशीही सारख्याच अदबीने वागायचा. करमणूक विभागातली एक मुलगी हातात माइक घेऊन टेबलाटेबलावर फिरत होती, आमची सेवा कशी वाटली, कार्यक्रम कसे वाटले, असं विचारत. दंतवैद्य बराच वेळ बोलले. बाई म्हणाल्या, "सेवा उत्तम आहे. करमणुकीचं नाटक बघून सांगते."

नाटकाच्या पहिल्या संध्याकाळी बाई ठेवणीतले कपडे घालून वेळेआधीच जाऊन बसल्या. मास्तर शेजारी. दिवे मंद झाले, घंटा झाली, आणि मास्तरांचा गुडघा आपोआप हलायला लागला. त्यांनी एकदा विंगेकडे बघितलं, एकदा बायकोकडे. मग म्हणाले, जरा जाऊन येतो. बाथरूमला जात असतील असं बाईंना वाटलं. वाटलं म्हणजे वाटून घेतलं. पहिला अंक निम्मा झाला तरी खुर्ची रिकामीच. अंधारात चाचपडत कोणी तरी आलं आणि विचारलं, "इथे कोणी आहे का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "बसा."

त्या दंतवैद्यांच्या पत्नी होत्या. नवऱ्याच्या शेरेबाजीला कंटाळून त्या जागा बदलत हिंडत होत्या.

मास्तर अर्थातच विंगेत होते. एका उलट्या खोक्यावर बसून, कोणाची तरी संहिता मांडीवर घेऊन. मंडळीकडे प्रॉम्प्टर नव्हता आणि मुख्य काम करणारा म्हातारा नट एकदा अडखळलाही होता. मास्तरांनी त्याला हळूच सावरलं होतं. नाटक संपल्यावर ते फुललेल्या चेहऱ्याने बाहेर आले आणि सवयीने विचारून बसले, "कसं झालं?"

बाई काही बोलल्या नाहीत. केबिनपर्यंत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी नाश्त्यालाही नाहीत. मास्तरांनी त्यांच्या ताटात स्वतःच्या वाटणीची फळं ठेवून बघितली. बाईंनी ती खाल्ली, पण मौन सुटलं नाही.

दुसऱ्या संध्याकाळी तेच नाटक होतं. या वेळी मास्तर खुर्चीला चिकटून बसले. उठले नाहीत, हललेही नाहीत. फक्त ओठ हलत होते. काल संहिता वाचलेली, डोक्यात पक्की बसलेली. नट तोंड उघडायच्या आधी वाक्य बाईंच्या डाव्या कानात येऊन पडायचं आणि मग रंगमंचावरून तेच पुन्हा यायचं. नाटकातल्या मामाला सगळे मेला असं समजतात, आणि तो खोटी दाढी लावून स्वतःच्याच शोकसभेला येऊन बसतो, अशी ती गंमत होती. सगळा हॉल हसायचा तेव्हा बाईंचा विनोद केव्हाच शिळा झालेला असायचा. पुढच्या रांगेतल्या एका माणसाने मागे वळून बघितलं. बाईंनी कोपर मारलं. मास्तर घटकाभर गप्प बसले आणि पुन्हा पुटपुटायला लागले.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोघं वरच्या डेकवर चहा घेत असताना नाटकमंडळीचे मॅनेजर त्यांना शोधत आले. मामाचं काम करणाऱ्या नटाला सर्दी-तापाने गाठलं होतं. काम तो करणार होता, पण औषधाने त्याला गुंगी यायची, आणि दुसऱ्या अंकातलं लांबलचक भाषण आठवेल याची त्याची त्यालाच खात्री नव्हती. आज शेवटचा प्रयोग. मास्तर विंगेत बसले तर मंडळीची अब्रू राहील, असं म्हणून मॅनेजरांनी हात जोडले. मास्तरांच्या चेहऱ्यावर एका क्षणात वीस वर्षांचं तारुण्य चढलं. मग त्यांनी बायकोकडे बघितलं आणि ते उतरलं. विचार करून सांगतो म्हणाले. मॅनेजर गेले.

"जा ना," बाई म्हणाल्या. "त्यांना गरज आहे तुमची."

मास्तर कपातल्या चहाकडे बघत राहिले. "आणि तुला?"

असं त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. बाईंना एकदम भरून आलं, आणि भरून आलं की त्यांना राग यायचा. "मला एक नाटक बघायचंय, तुमच्या शेजारी बसून. उघडल्यापासून पडेपर्यंत. लग्न झाल्यापासून एवढं एकच मागतेय, आणि तेसुद्धा मनातल्या मनात. जगातल्या सगळ्या नटांना तुम्ही हाक न मारता ऐकू गेलात. मला नाही गेलात."

मास्तर उठले. चहा तसाच ठेवून जिना उतरून गेले. बाईंना वाटलं, गेले विंगेत. त्या कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी समुद्राकडे नीट बघितलं. तो त्यांना बराच मोठा वाटला. थोड्या वेळाने मास्तर धापा टाकत परत आले आणि म्हणाले, "नाही म्हणून सांगून आलो. आणि आज तोंडही उघडणार नाही. उघडलं तर नाव बदलेन."

संध्याकाळी दोघं तिसऱ्या रांगेत बसले. घंटा झाली. मास्तरांचा गुडघा हलला. बाईंनी त्यावर हात ठेवला आणि तो थांबला. पहिला अंक झकास झाला. मामाचा आवाज सर्दीने बसला होता, पण मेलेल्या माणसाला तो शोभत होता. मास्तरांनी ओठ असे घट्ट मिटले होते, की जणू दंतवैद्यांनी त्यांना तशी ताकीदच दिली असावी. शेजारी बसून ते हसत होते. मोठ्याने नाही, नाकातून हसत होते, पण हसत होते, आणि त्यांचं कोपर आपल्या कोपराला लागतंय हे बाईंना कळत होतं. सुख म्हणजे हेच, असं त्यांच्या मनात स्पष्ट येऊन गेलं.

दुसऱ्या अंकात शोकसभा भरली. सगळे मामाचे गुण गायला लागले. मामा उठला, खोटी दाढी ओढून काढली आणि म्हणाला, "मी जिवंत असताना..."

आणि थांबला.

आधी लोकांना ती गंमत वाटली. मग वाटेना. मामाचे डोळे समोर कुठे तरी बघत होते आणि त्यांत काहीच नव्हतं. बाकीचे नट आपापल्या जागी खिळून उभे. विंगेत कोणीच नव्हतं. बाईंनी शेजारी बघितलं. मास्तरांनी डोळे गच्च मिटले होते, दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते, आणि कपाळावर घाम डवरला होता. दिलेला शब्द पाळताना कोणाला इतका त्रास झालेला बाईंनी कधी बघितला नव्हता.

मग त्यांनी पुन्हा समोर बघितलं. अडलेल्या माणसाचा चेहरा समोरून कसा दिसतो, ते त्यांना पहिल्यांदाच दिसत होतं. एक्स्चेंजमध्ये त्यांनी असल्या शांतता खूप ऐकल्या होत्या. तारेच्या दोन टोकांना दोन माणसं, आणि नेमकं बोलायचं ते कोणालाच आठवत नाही. आपण मध्ये, कानाला फोन लावून, नियमाने गप्प. कितीदा तरी जिभेच्या टोकाशी आलेलं त्यांनी गिळलं होतं.

"मी जिवंत असताना तुम्ही एवढं चांगलं बोलला असतात, तर मी मेलोच नसतो!"

काल डाव्या कानात पडून पाठ झालेलं हे वाक्य तिसऱ्या रांगेतून खणखणीत आलं. समुद्रापार ऐकू जाईल अशा, लांब पल्ल्याचे फोन जोडणाऱ्या ऑपरेटरच्या आवाजात. सगळा हॉल वळला. बाईंना कळेना कोण बोललं. मग कळलं, आणि त्यांचे कान तापले.

पण मामा हाडाचा नट होता. त्याने बाईंकडे बोट केलं आणि बाकीच्या नटांना म्हणाला, "घ्या! मेलो मी, आणि सगळं ठाऊक यांना!"

हशा असा उसळला की पुढची वाक्यं कोणाला ऐकूच गेली नाहीत. दंतवैद्यसुद्धा हसले, आणि त्यांचे स्वतःचे दात किडलेले होते हे तेव्हा उघड झालं. मास्तरांनी हात तोंडावरून काढले. शब्द मोडायचा नाही म्हणून त्यांनी आधी बायकोकडे बघून परवानगी मागितली. बाईंनी मान हलवली.

"अगं, आख्खं वाक्य नसतं द्यायचं," ते तिच्या कानाशी म्हणाले. "पहिले दोन शब्द द्यायचे. उरलेलं त्याचं त्याला सापडतं. आणि हळू."

मामा पुढे आणखी दोन ठिकाणी अडला. दोन्ही वेळा त्याने आशेने तिसऱ्या रांगेकडे बघितलं. पहिल्या वेळी बाईंनी तीन शब्द दिले, दुसऱ्या वेळी बरोबर दोन, आणि तेही इतके हलके की शेजारच्या रांगेलाही कळलं नाही. मास्तर तेव्हा तोंड मिटून, मान डोलावत बसले होते. आपल्या शिष्याचं गाणं ऐकायला बसलेले गुरुजी तेवढे सुखी असतील तर असतील.

पडदा पडला. मामाने पुढे येऊन बाईंना उभं राहायला लावलं. टाळ्या झाल्या. बाईंनी मास्तरांना हाताला धरून उठवलं, तरी टाळ्या कोणासाठी हे मास्तरांना कळेना. विंगेत टाळ्या फक्त पडद्याआडून ऐकू यायच्या, समोरून कधी अंगावर आलेल्या नव्हत्या. ते भांबावून स्वतःही वाजवायला लागले. करमणूक विभागातली माइकवाली मुलगी धावत आली. बाईंनी तिला हाताने थांब म्हटलं.

डेकवर आल्यावर मास्तरांनी विचारलं, "मग? कसं झालं नाटक?"

बाईंनी आठवायचा प्रयत्न केला. शेवटी घरच्यांना क्षमा करताना मामा आज हसला की रडला, तेच त्यांना सांगता येईना. "मी बघितलंच नाही हो," त्या म्हणाल्या. "पुढचं वाक्य कुठलं, तो आता अडेल का, एवढंच बघत होते."

मास्तर हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. "मला सगळे विचारायचे, मास्तर, नाटक कसं होतं? काय सांगणार? इतकी नाटकं केली, पण मी एकही बघितलेलं नाही."

बाई चालता चालता थांबल्या. तो रिकाम्या खुर्चीचा राग त्यांनी इतकी वर्षं जपून ठेवला होता. तिथे बसून आपण निदान नाटक तरी बघितलं. ह्यांनी तेही नाही. त्यांना नवऱ्याची इतकी दया आली आणि इतकं प्रेम वाटलं, की भर डेकवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, त्यांनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि सोडला नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी नाटक नव्हतं, गाणं नव्हतं. वरच्या डेकवर बोटीचे आचारी मोठमोठी कलिंगडं कोरून दाखवणार होते. दंतवैद्य म्हणाले, यात काय बघायचंय. बाई म्हणाल्या, आम्ही बघणार. दोघं पहिल्या रांगेत, कोवळ्या उन्हात, खुर्च्या जवळ ओढून बसले. आचारी कामाला लागले. कोणी एक शब्द बोलेना. हिरवी साल सुटून खाली पडत होती, आत पांढरं, मग गुलाबी, मग लाल लागत होतं, आणि सुरी कुठे वळेल ते फक्त त्या सुरीला ठाऊक होतं. मास्तरांचा गुडघा स्वस्थ होता. बऱ्याच वेळाने त्यांनी बायकोकडे झुकून हळूच विचारलं, "आता पुढे काय असेल गं?"

"मला काय माहीत?" बाई म्हणाल्या. "बघा की."